कडीला भिणारी मांजर

आमच्या घरात कुणावर पटकन विश्वास ठेवायची पद्धतच नव्हती. भाऊ, म्हणजे माझे वडील, प्रकल्पाच्या कॉलनीत स्टोअरकीपर होते आणि गोडाऊनच्या दारातून जो माणूस आत येतो तो काहीतरी उचलायलाच येतो, हे त्यांचं ठाम मत होतं. संध्याकाळी घरी आल्यावर शर्ट खुंटीला टांगला तरी ते मत काही अंगावरून उतरत नसे. पाहुणे उठून गेले की ते सहज केल्यासारखं करून स्टीलचे चमचे बघून येत. दूध घालणारा गवळी दिसला की त्यांचं बोट आपोआप मापात जाई. आईही काही कमी नव्हती. मासेवालीने कितीही शपथा घेतल्या तरी ती बांगड्याचा कल्ला उलटून बघितल्याशिवाय पाटीवरून उठत नसे. मी या दोघांची मुलगी. वर्गात कुणी खोडरबर मागितलं तर मी आधी विचारायची, "तुझं कुठे गेलं?" आता साठी ओलांडल्यावर सून मला हसते, पण कुरिअरवाल्याला अजूनही मी जाळीच्या दाराआडूनच बोलते. या स्वभावाने आयुष्यात माझे फायदेही झाले असतील. पण एकदा त्याच्यामुळे मी एका बाईला फार वाईट वागवलं, आणि ते सांगायचं म्हणजे आधी एका मांजरीची गोष्ट सांगायला हवी.

आमची कॉलनी चिपळूणहून घाटाच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत होती. एकसारख्या क्वार्टर्सच्या रांगा, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी वाजणारा भोंगा, आणि पलीकडे पऱ्या. आमच्याकडे ओढ्याला पऱ्या म्हणतात. त्यावरचा लाकडी साकव ओलांडला की गाव. मी नववीत होते तेव्हा प्रकल्पाचं मोठं काम संपत आलं होतं. दर पंधरा दिवसांनी कुणाच्या ना कुणाच्या दारात ट्रक उभा राही. कुणाची बदली होई, कुणी नोकरी सोडून लोट्याच्या केमिकल कारखान्यात जाई. लोक जाताना कपडे वाळत घालायची तारसुद्धा सोडवून नेत, पण मांजरं मागे ठेवत. दुसऱ्या दिवशी ती मांजरं बंद दारासमोर बसलेली असत, आणि तिसऱ्या दिवशीही.

आमच्याच रांगेत साळवी सिस्टर राहायच्या. कॉलनीच्या दवाखान्यातल्या नर्स, एकट्या, आवाज असा की इंजेक्शन घेणारा पोरगा सुईपेक्षा त्यालाच जास्त भ्यायचा. त्यांना ही मांजरं बघवेनात. शेजारची क्वार्टर रिकामी होती आणि तिची किल्ली भाऊंकडे होती. सिस्टरनी ती मागितली तेव्हा भाऊंनी सही घेऊन दिली, पण दिली, याचंच आम्हाला आश्चर्य. त्या दोन खोल्यांत सिस्टरनी मांजरांचं वसतिगृह काढलं. जुन्या यंत्रांची लाकडी खोकी, त्यांत फाटकी चादर, एका रांगेत ताटल्या. सकाळी पेज आणि संध्याकाळी भाकरी दुधात कुस्करून. मी शाळेतून आले की थेट तिथे जायची. कुणी दारात भेटलं की सिस्टर त्याला गळ घालत, आणि हळूहळू सात मांजरांपैकी सहा मांजरं कुणाकुणाच्या घरी गेली. राहिली ठमी.

ठमी राखाडी पट्ट्यांची, अंगाने किरकोळ, कानाला एक लहानशी चीर. तिची माणसं गेली तेव्हा ती स्वयंपाकघरात कोंडली गेली होती. आठ दिवसांनी रंगवायला आलेल्या माणसाने दार उघडलं तेव्हा ती मोरीतल्या ओलीवर जीव धरून होती. मुद्दाम कोंडली की चुकून, यावर कॉलनीत दोन तट होते. मी अर्थात मुद्दामवाल्यांत होते. तेव्हापासून तिने एकच धसका घेतला होता, दाराच्या कडीचा. कडी वाजली की ती सगळ्यात मागच्या खोक्यात शिरायची आणि तासभर थरथरत राहायची. म्हणून सिस्टर त्या क्वार्टरचं दार नुसतं लोटून घ्यायच्या आणि त्याला बाहेरून दगड लावून ठेवायच्या. मी आत जाऊन भिंतीला टेकून अभ्यास करत बसायची. दोन महिन्यांनी एकदा ती खोक्यातून बाहेर आली, माझ्या इतिहासाच्या पुस्तकावर पंजा ठेवून बसली, आणि मी "ठमे" म्हटल्यावर कान टवकारून माझ्याकडे बघितलं. मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन कुणाला सांगितलंसुद्धा नाही. कुणाला सांगितलं की ते जातं, असं मला वाटायचं.

मग भातं कापून झाल्यावर सिस्टरना बदलीची ऑर्डर आली. महिनाअखेर क्वार्टर आणि शेजारची किल्ली, दोन्ही परत करायचं. ठमीला कुणी घेतलं नाही तर काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. कॉलनीतली नकोशी मांजरं पोत्यात घालून चिपळूणच्या मासळीबाजारात सोडून यायची रीत होती. "तिथे खायला मिळतं हो," असं सोडून येणारे सांगत. तिथले कुत्रे मी बघितले होते. कडीला भिणारी ही मांजर तिथे एक दिवस तरी काढेल का, या विचाराने मला जेवण जाईना. "मी बघते हिच्यासाठी घर," मी सिस्टरना म्हटलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू? तू तर कुणाला पेन्सिल देत नाहीस."

मी कॉलनीतली घरं पालथी घातली. पण संशय काही आमच्या एकट्याच्या घरचा नव्हता. "देतेयस कशाला? चावते का?" "आजारी असेल." "सिस्टरनी ठेवून घेतली नाही म्हणजे काहीतरी असणारच." एका मास्तरीणबाईंनी शेवटी घेतली. घराची सवय व्हावी म्हणून त्यांनी तिला न्हाणीघरात कडी लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पदराने हात गुंडाळून ठमीला घेऊन परत आल्या. हातभर ओरखडे होते आणि ठमीच्या पुढच्या पायाची दोन नखं दारावर घासून तुटली होती. सिस्टरनी आधी मांजरीला औषध लावलं, मग मास्तरीणबाईंना.

आता जानकीबाय. ती पऱ्यापलीकडच्या गावातली, तिशीतली, डोक्यावर हारा घेऊन एक दिवसाआड कॉलनीत भाजी विकायला यायची. मुळा, माठ, वाल, कधी घरचे उकडे तांदूळ. नवरा मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणारा. आई तिच्याशी घासाघीस करायची आणि मग तिलाच चहा द्यायची. त्या दिवशी चहा पिताना ती उंदरांना शिव्या घालत होती. नवं भात कणगीत भरलं होतं आणि उंदरांनी कणगीचं शेण उकरून खालून भोक पाडलं होतं. कणगी म्हणजे भात साठवायची बांबूची उभी टोपली, माणसाच्या उंचीची. मी संधी साधली. "जानकीबाय, आमच्याकडे मांजर आहे. तुम्हाला देते."

तिने चहाची बशी खाली ठेवली. "न्हाय गो बाय. नको आमाला."

"फुकट देते."

"फुकट तं मुळीच नको," ती म्हणाली आणि तोंड पुसून उठली. पण हारा डोक्यावर घेतल्यावर ती तशीच थांबली. "कंची? ती खोक्यात बसते ती?" मी हो म्हटलं. "खाते काय ती? सुकी मासळी खाते? सिस्टर दवाखान्यात किती वाजता जातात? आन त्या दाराला कुलूप असता काय?" मी उत्तरं दिली आणि देतानाच माझ्या मनात पाल चुकचुकली. नको असलेल्या मांजरीची एवढी चौकशी कशाला? आणि दाराला कुलूप आहे का, हा काय प्रश्न? रात्री भाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "जो माणूस माल नको म्हणतो आणि गोडाऊनच्या वेळा विचारतो, त्याच्यावर नजर ठेवावी." मी नजर ठेवली.

दोनच दिवसांत मला ठमीच्या क्वार्टरच्या मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर सुक्या बोंबलांची डोकी दिसली. चार डोकी, नीट ओळीत ठेवलेली. सिस्टरनी ठेवली नव्हती. माझ्या डोक्यात लगेच विषाचं आलं, कारण त्याच आठवड्यात कॉलनीत उंदरांसाठी गोळ्या टाकल्या होत्या. मी ती डोकी कागदात गुंडाळून पऱ्यात टाकून आले. दुसऱ्या खेपेला पुन्हा डोकी, या वेळी थोडं सुकटही. तीही टाकली. तिसऱ्या खेपेलाही तेच. ज्या दिवशी जानकीबाय येऊन जाई त्याच दिवशी मासळी दिसते, हा हिशेब मी बरोबर लावला होता. आज वाटतं, त्या बाईने स्वतःच्या ताटातलं काढून आणलेलं ते मी तीन वेळा पाण्यात टाकलं. पण तेव्हा मी ठमीचा जीव वाचवत होते, माझी तशी पक्की खात्री होती.

त्यानंतरच्या बुधवारी मी शाळेतून आले तर दाराचा दगड बाजूला, खोकं रिकामं आणि चादरीवर बोंबलाचा एक तुकडा. सिस्टर आणि मी सगळी कॉलनी शोधली. पाण्याच्या टाकीमागे, गॅरेजमध्ये, पऱ्याच्या काठाकाठाने. "ठमे, ठमे" म्हणून सिस्टर त्यांच्या त्या आवाजात हाका मारत होत्या आणि मधेच त्यांचा आवाज फुटला. त्यांना तसं कधी ऐकलं नव्हतं. मी घरी गेले आणि भाऊंना सगळं सांगितलं. चौकशी, मासळी, बुधवार. भाऊ चपला घालून गेटवर गेले.

शुक्रवारी जानकीबाय आली तेव्हा वॉचमनने तिचा हारा उतरवायला लावला. मुळ्याच्या जुड्या, माठ, तांदळाची पिशवी, एकेक काढून खाली रस्त्यावर मांडलं. जातानाही तेच. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. जानकीबाय एक शब्द बोलली नाही. हाऱ्यातली भाजी परत भरताना तिने एकदा आमच्या घराकडे बघितलं, मी खिडकीत होते. तिला कसं कळलं असेल? सोमवारी पुन्हा झडती. त्या दिवशी ती आमच्या दारावरून गेली पण "भाजी गो" अशी हाक दिली नाही. आईने मुळा दुसरीकडून घेतला आणि तो सगळा जून निघाला.

मला पुरावा हवा होता. रविवारी मी आईला म्हटलं, मी गावातून कुळीथ घेऊन येते. साकव ओलांडून, बांधाबांधाने, विचारत विचारत मी जानकीबायच्या खळ्यात जाऊन उभी राहिले. शेणाने सारवलेलं अंगण, जांभ्याच्या भिंती, पुढे पडवी. पडवीत जानकीबाय विळीवर भोपळा चिरत बसली होती. मला बघून तिने पाट सरकवला. "बस. कॉलनीवाली इकडं कशी?"

"कुळीथ हवेत," मी म्हटलं, आणि माझे डोळे सगळीकडे फिरत होते.

ती उठली नाही. भोपळा चिरत राहिली. आतल्या काळोखातून कणगी दिसत होती, आणि कणगीच्या वरच्या झाकणावर, उन्हाची तिरीप पडली होती तिथे, ठमी झोपली होती. पाय पसरून, पोट वर करून. मी तिला कधी अशी झोपलेली बघितली नव्हती. आमच्याकडे ती झोपली तरी चारी पाय अंगाखाली घेऊन, पळायच्या तयारीत असायची. कणगीच्या भोकाला नवं शेण लिंपलेलं होतं. घराला पुढून दार होतं, मागूनही दार होतं, दोन्ही सताड उघडी, आणि मागच्या दारातून पलीकडचं माळरान दिसत होतं.

मी पाटावरून अर्धी उठले. चोर सापडला होता. माझ्या तोंडात "ठमे" आलंच होतं.

"आमच्यात मांजर मागून आणत न्हाईत," जानकीबाय म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती, विळीकडे बघत होती. "आन कुनी दिली तरी घेत न्हाईत. दिलेल्या मांजरीवर देनाऱ्याचा हक ऱ्हातो. त्यानं नावानं हाक मारली, का ती उठून माघारी जाते, मंग कितीबी दूध पाजा. मांजर कशी आणायची, तं मालकाला ठाव न्हाय अशी. त्याला तिचा ठिकाना कळता नये. मंगच ती ऱ्हाते." तिचा हात थांबला. "मी तशी सांगतंय. आमच्या आयेनं मला सांगितलेलं."

मग तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, ती घाबरली होती. ही पोरगी आता हाक मारणार, एवढंच भय होतं त्या डोळ्यांत. पुन्हा पुन्हा रस्त्यावर भाजी मांडायला लावली, तेव्हा ती बोलली नाही ती ह्याच्यासाठी. एकदा जरी "हो, माझ्याकडे आहे" म्हटलं असतं तर झडती थांबली असती, आणि मांजर गेली असती.

ठमीने झोपेतच कान हलवला. ते नाव अजून माझ्या जिभेवर होतं. माझी मांजर होती ती, माझ्या पुस्तकावर पंजा ठेवणारी. एकदा हाक मारली असती तर ती नक्की आली असती. मला आजही तसंच वाटतं. मी पुन्हा पाटावर बसले.

"तुमची मांजर छान आहे," मी म्हटलं.

जानकीबायने श्वास सोडला तो मला ऐकू आला. "हाय तशी बरी," ती म्हणाली. "उंदीर धरते." आणि उठून कुळीथ आणायला आत गेली. येताना कुळथाबरोबर गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. ती आत होती तेवढ्यात ठमी कणगीवरून उतरली, माझ्या पायाला एकदा अंग घासलं आणि मागच्या दाराने उन्हात निघून गेली. मी हात लावला नाही.

घरी आले तेव्हा भाऊ पडवीत खुर्चीवर होते. "काय दिसलं?"

"काही नाही."

"मांजर?"

"नाही."

भाऊंशी मी पहिल्यांदाच खोटं बोलत होते आणि खोटं ओळखण्यातच त्यांची सगळी हयात गेली होती. ते उठले, माझ्याजवळ आले, आणि माझ्या स्कर्टच्या काठावरून दोन बोटांनी एक राखाडी केस उचलला. उजेडात धरून बघितला. मी मान खाली घालून उभी. त्यांनी तो केस फुंकर मारून अंगणात उडवून दिला. "वॉचमनला सांगतो," ते म्हणाले, "बाईचा हारा बघत बसू नकोस म्हणून." त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही नाही. ते गेले तेव्हा त्यांच्या पेटीत ती शेजारच्या क्वार्टरच्या किल्लीची सिस्टरनी सही केलेली चिठ्ठी मिळाली, ती मी ठेवून घेतली आहे.

सिस्टरना मात्र मी सांगू शकत नव्हते. जानकीबायच्या हिशेबाने खऱ्या मालक त्याच होत्या. सामान बांधताना त्या पुन्हा पुन्हा म्हणायच्या, "कुठे असेल गं? कुत्र्यांनी धरली असेल का?" आणि मी त्यांच्या सामानाला सुतळी बांधत राहायची. ते दिवस मला फार जड गेले. संशय घ्यायची मला सवय होती, पण गुपित राखायची नव्हती.

त्यांच्या जाण्याच्या दिवशी सकाळी एस.टी.च्या थांब्यावर आम्ही सगळे होतो. जानकीबायही आली, हारा खाली ठेवून जरा बाजूला उभी राहिली. तिचं बाळंतपण सिस्टरनीच केलं होतं. सिस्टरच्या हातातल्या पिशवीत वर ठमीची ताटली होती, कड उडालेली, पांढऱ्या इनॅमलची. "ही कशाला घेतलीय मी," सिस्टर स्वतःशीच म्हणाल्या, "टाकवत नाही म्हणून."

जानकीबाय पुढे आली. "ती मला द्या."

सिस्टरनी ताटली तिच्या हातात दिली, पण आपला हात लगेच सोडला नाही. दोघी ती ताटली धरून तशाच उभ्या. सिस्टरनी आधी जानकीबायकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी दुसरीकडे बघायला लागले. गाडीचा आवाज वळणावर आला. त्या मोठ्या आवाजाच्या बाईने इतक्या हळू विचारलं की ते आम्हा तिघींपलीकडे कुणाला ऐकू गेलं नसेल.

"जानकीबाय, तुमच्याकडे दाराला कडी लावतात का हो?"

"दिवसा उजेडी कोन लावतो, सिस्टर?" जानकीबाय म्हणाली. "दोनी दारं उगडी असतात आमची."

सिस्टरनी ताटली सोडली. गाडी थांबली, त्यांनी ट्रंक वर चढवून घेतली आणि खिडकीशी बसल्या. जानकीबायने ताटली हाऱ्यात मुळ्याच्या जुड्यांवर पालथी घातली, चुंबळ नीट केली आणि हारा डोक्यावर घेऊन ती साकवाकडे चालायला लागली.